पन्ह्यातला धूर

जळगावच्या उन्हाळ्यात आजी कैऱ्या चुलीच्या आरात भाजायची. मी त्या कुकरात उकडतो; दोन शिट्ट्या, मग गूळ, वेलची, मीठ. ‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानका’वरून आलेला, पेय जुनेच, भांडे नवे. तेही तितके नवे नाही. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे वाफेचे भांडे मांडले. ते फुटू नये म्हणून जादा वाफ सोडणारी झडपही त्याचीच. आपली शिट्टी तिच्याच वंशातली. कोंडलेल्या वाफेत पाणी १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून कैरी झटपट शिजते. पण वाफेत धूर कुठला? आजीच्या पन्ह्याची धुरकट चव मी भाजलेले जिरे घालून शोधली, जमली नाही. भरताची वांगी मात्र आमच्याकडे अजून कुणी कुकरात घालू देत नाही, ती कपाशीच्या काड्यांवरच.