टोचून घेणे आणि धरून नेणे : मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीत लोकमताचे स्वरूप (१८९६–१९०७)

प्लेगच्या साथीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग राजकीय असून त्यात रँडचा वध, चापेकर बंधूंची फाशी आणि लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला यांना मध्यवर्ती स्थान मिळते. दुसरे अंग वैद्यकीय असून त्यात हाफकिन यांची लस व पिसवांचा शोध यांचे वर्णन येते. या दोहोंच्या मध्ये सामान्य माणूस उभा आहे. तो इस्पितळाला भ्याला, तपासणीला विरोध करू लागला, आणि काही ठिकाणी मात्र लस टोचून घेण्यासाठी स्वतः पुढे आला. 'लोक अज्ञानी होते म्हणून त्यांनी उपायांना विरोध केला' असे एक सोपे विधान त्याच्याविषयी वारंवार केले जाते. हे विधान पुराव्यास कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे घटनांबरोबर शब्दांचीही साक्ष येथे काढली आहे. तथापि शब्दांची साक्ष पूरक असते, ती घटनांची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

(१) पूर्वपीठिका : 'देवी काढणे'

प्लेग येण्यापूर्वी जवळजवळ शतकभर मराठी माणसाला लशीची ओळख होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली; हिंदुस्थानातील ही पहिली लस होय. पुढे ही क्रिया गावोगाव पसरली आणि तिला भाषेने जे नाव दिले ते लक्षणीय आहे. रोगाचे नाव देवी. देवी 'येतात', अंगावर 'निघतात', आणि लस टोचणारा त्या 'काढतो'. मराठीत 'निघणे' या अकर्मक क्रियापदाचे सकर्मक रूप 'काढणे' हेच आहे. जे आपोआप व्हावयाचे ते माणसाने आपल्या हाताने, सौम्य रूपात व सोयीच्या वेळी घडवून आणणे, असा या शब्दप्रयोगाचा अर्थ होतो. लस देण्याचे तत्त्व याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

'लस' हा शब्दही परका नाही. व्रणातून पाझरणारा पातळ द्रव हा त्याचा जुना अर्थ असून, जखमेतून लस वाहते असे आपण आजही म्हणतो. या शब्दाविषयी किळस असणे स्वाभाविक होते, आणि देवी काढण्यास विरोध झालाच नाही असेही नाही. परंतु सांगावयाचा मुद्दा असा की, १८९६ साली जी माणसे नव्या साथीला सामोरी गेली त्यांना 'टोचणे' ही कल्पना अपरिचित नव्हती.

विलग राहण्याची कल्पनाही अपरिचित नव्हती. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन सोडण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. उंदीर पडू लागले की घरे सोडून रानात झोपड्या घालून राहावे, हे खेड्यांनी प्लेगच्या पहिल्या काही वर्षांतच अनुभवाने ठरवून टाकले. पिसवांचा सिद्धान्त त्यांना ठाऊक नव्हता. तो सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली मांडला आणि त्यास मान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. परंतु 'उंदीर पडणे' हा मराठीतील शब्दप्रयोग शास्त्रज्ञांच्या निर्णयापूर्वीच धोक्याची खूण म्हणून रूढ झाला होता. तेव्हा रोग्यापासून व रोगी घरापासून दूर राहण्यास लोकांचा तत्त्वतः विरोध होता, असे म्हणता येत नाही.

(२) मुंबई : इस्पितळाचे भय

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी, रोग्यांना त्यांच्या इच्छेविरुद्धही इस्पितळात नेण्याचा अधिकार स्वतःकडे घेणारी अधिसूचना काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ ऑक्टोबरला, सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लगोलग हे कडक नियम सैल करावे लागले. दरम्यान शहर रिकामे होऊ लागले होते. १८९७ च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई बाहेर पडली, आणि तिच्याबरोबर रोगही कोकणात व देशावर उतरला.

या काळात उठलेल्या अफवांची थट्टा त्या वेळच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी केली. इस्पितळात रोग्यांना उलटे टांगून त्यांच्या डोक्यातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, अशी एक अफवा होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये राणीच्या पुतळ्यास डांबर फासण्यात आले होते. त्याचा सूड म्हणून राणीने लोकांची काळजे मागविली आहेत, अशी दुसरी होती. अफवा खोटी असते. पण ती कोणत्या जागी धरते याला अर्थ असतो. या दोन्ही अफवांचा विषय रोग नसून इस्पितळ आहे. त्या इस्पितळातील परिस्थिती पाहिली तर भयाचे कारण उलगडते. रोगी शेवटच्या घटकेस तेथे पोहोचे, म्हणून बहुतेक रोगी तेथे मरत. नातेवाईक दूर ठेवले जात. मृतदेहाची चिरफाड होई अशी धास्ती होती. अन्नपाणी कोणाच्या हातचे मिळेल याची शाश्वती नसे. घरच्या माणसांच्या दृष्टीने जो आत गेला तो परत येत नव्हता. एवढे एक निरीक्षण खरे होते. अफवेने त्याला फक्त कारण पुरविले.

याच मुंबईत पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळे उघडली आणि त्यांत लोक जाऊ लागले, ही गोष्ट मूळ विधानाच्या विरुद्ध जाते. इस्पितळ तेच, उपचार जवळजवळ तेच. फरक एवढाच की दाराशी ओळखीचे माणूस उभे होते. मात्र याचीही एक काळी बाजू नमूद केली पाहिजे. ज्या जातींकडे पैसा व पुढारी होते त्यांचीच इस्पितळे झाली. ज्यांना कोणी नव्हते त्यांच्या वाट्याला सरकारी छावणीच राहिली.

(३) पुणे : घराचा उंबरठा

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा होता. त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले आणि सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा लावण्यास मनाई केली. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांची पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली.

पुण्यातील घरतपासणी १३ मार्चला सुरू झाली आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालली. तिच्यासाठी गोरे सैनिक नेमले गेले. मराठीत त्यांना 'सोजीर' म्हणत. सोजिराचे काम रोगी हुडकणे, सामान बाहेर काढणे, संशयितास छावणीत पोहोचविणे हे होते. त्यांना सौजन्याने वागण्याच्या सूचना होत्या, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. उलट बाजूने देवघरात व माजघरात शिरणे, स्त्रियांची अप्रतिष्ठा व मालमत्तेची नासधूस यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. प्रत्येक तक्रारीची शहानिशा आज होणे शक्य नाही. त्या वेळीही ती झाली नाही, आणि खरी तक्रार हीच होती. गोखल्यांनी विलायतेत असताना या अत्याचारांचे आरोप केले आणि पुरावा पुढे करता न आल्याने परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसे साक्षीला उभी राहण्यास भीत होती. पंडिता रमाबाईंनीही एका मुंबईच्या पत्रातून प्लेगच्या व्यवस्थेतील स्त्रियांच्या स्थितीविषयी जाहीर तक्रार केली होती. रमाबाई या सनातनी पक्षाच्या नव्हेत; त्यामुळे हा असंतोष केवळ सोवळ्याओवळ्याचा होता, असे म्हणण्यास त्यांच्या तक्रारीने मोठी अडचण उत्पन्न होते.

टिळकांची भूमिकाही पुष्कळदा एकांगी सांगितली जाते. त्यांनी साथ रोखण्याच्या उपायांची आवश्यकता नाकारली नव्हती. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी दोष दिला, हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला, आणि स्वतः पुण्यात राहिले. त्यांचा रोख उपाय अमलात आणणाऱ्या हातांवर होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मरण पावले, रँड ३ जुलैस. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर फासावर गेले.

या घटनांच्या गदारोळात एक तारीख मागे पडते. १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे घरतपासणी सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणले होते, आणि त्या शुश्रूषेतच त्यांना संसर्ग झाला. रोग्याला घरातून उचलून उपचाराच्या जागी नेणे ही क्रिया सावित्रीबाईंनी केली आणि तीच क्रिया त्याच महिन्यात सोजिरांनीही केली. पहिलीला विरोध झाल्याचे कोणी सांगत नाही.

(४) लस : विश्वास आणि त्याचा भंग

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान जागेत मृत जंतूंपासून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. तुरुंगातील 'स्वेच्छा' किती खरी मानावी हा प्रश्न आज आपण अवश्य विचारू. परंतु तुरुंगाबाहेर लस मुख्यतः ऐच्छिक राहिली, हे खरे आहे. आगाखानांनी ती जाहीरपणे टोचून घेतली, आपली वास्तू हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली, आणि त्यांच्या खोजा अनुयायांपैकी पुष्कळांनी त्यांचे अनुकरण केले. लशीने एकदोन दिवस ताप येई, हात दुखे, मजुराची मजुरी बुडे; तरीही १८९८ साली हुबळीसारख्या गावात हजारोंनी ती घेतली.

उलट ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीची तपासणी करण्याच्या प्रयत्नातून दंगल उसळली. एकाच वर्षातील या दोन चित्रांतून सरकारलाही बोध घ्यावा लागला. त्यानंतर सक्तीची घरतपासणी हळूहळू मागे पडून स्थलांतर व ऐच्छिक लस यांवर भर आला.

विश्वास मिळविण्यास वर्षे लागली. तो मोडण्यास एक बाटली पुरली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष प्रथम हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्ट पुढे निष्पन्न झाली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडल्यावर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. सरकारला आपल्या चुकीची स्पष्ट कबुली देण्यास पाच वर्षे लागली; त्या पाच वर्षांत प्लेगने पंजाबात लाखो बळी घेतले. परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव १९२५ साली देण्यात आले.

(५) उपसंहार

या साथीच्या संदर्भात मराठीची दोन संयुक्त क्रियापदे शेजारी ठेवून पाहावीत. लशीविषयी आपण 'टोचून घेणे' असे म्हणतो, आणि इस्पितळात वा छावणीत सक्तीने हलविलेल्या माणसाविषयी 'धरून नेणे' असे म्हणतो. 'घेणे' या सहायक क्रियापदाने क्रियेचा लाभ व तिची इच्छा कर्त्याकडे राहते; 'नेणे' या क्रियापदाने माणूस कर्म बनतो आणि कर्ता दुसराच कोणी असतो. 'धरून नेणे' हे पोलिसांच्या कामाचे क्रियापद आहे. रोग्याविषयी ते वापरले जाऊ लागले की रोगाला गुन्ह्याचे रूप येते आणि रोगी लपविला जाऊ लागतो. प्लेगच्या साथीत नेमके हेच घडले, आणि लपविलेल्या रोग्यांमुळे रोगाला मदतच झाली. तात्पर्य, सक्तीने जो हेतू साधावयाचा होता तोच तिने पराभूत केला.

येथे एक आक्षेप संभवतो. साथीत वेळ थोडा असतो आणि प्रत्येकाची समजूत पटेपर्यंत थांबता येत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. मुंबईतून पळालेल्या लोकांनी रोग गावोगाव नेला, हेही खरेच आहे. परंतु समजूत घालण्यास वेळ नव्हता असे १८९७ च्या अधिकाऱ्यांना म्हणता येणार नाही; समाजांची इस्पितळे, ओळखीचे वैद्य, स्त्रियांची स्वतंत्र व्यवस्था हे मार्ग त्यांच्यासमोर होते आणि पुढे त्यांनाच ते पत्करावे लागले.

१८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्या वेळी भाषेने नवे शब्द काढले. 'क्वारंटीन' या परक्या शब्दाशेजारी 'विलगीकरण' आले. आणि गिरण्यांच्या मालकांनी कामगारांना बाहेर ठेवण्यासाठी लावलेली 'टाळेबंदी' साऱ्या समाजाच्या वाट्यास आली. मजूर पुन्हा शहर सोडून पायी चालू लागले. पुढे १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाल्यावर शंका, अफवा व रांगा तिन्ही दिसल्या. सव्वाशे वर्षांत वैद्यक फार पुढे गेले. सोजीर नाहीसा झाला. पण लोक लशीला घाबरतात की ती देणाऱ्या हाताला, हा प्रश्न प्रत्येक साथीत नव्याने विचारावा लागतो. मराठीत 'साथ' या एकाच शब्दाने रोगाचा फैलाव आणि सोबत या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. व्युत्पत्तीचा निर्णय काहीही होवो. एक साथ आवरावयाची तर दुसरी मिळवावी लागते, एवढे प्लेगच्या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.