बांधावरच्या पाच वेली : औषध कोणती, विष कोणती?

पावसाळा लागला की बांधाला, कुंपणाला, कडुनिंबाला वेली चढू लागतात. यातल्या काही औषधी आहेत आणि मोबाईलवर त्यांचे गुण रोज फिरतात. पण वेलीचा गुण म्हणजे तिच्यातलं रसायन. ते कोणत्या भागात आहे आणि पोटात किती जातं, यावर औषध की विष हे ठरतं.

गुळवेल
पान बदामाच्या आकाराचं, सालीचा पापुद्रा कागदासारखा निघतो, फांदीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. औषधाला खोड वापरतात. त्यात बर्बेरिनसारखी अल्कलॉइड्स आणि इतर कडू द्रव्यं असतात. आयुर्वेदात ती तापावर, मधुमेहावर देतात.

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. पुढे २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर गाठी-फोड जास्त असतात. नंतर देशातल्या १३ केंद्रांवरच्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही लिव्हरच्या इजेचा संबंध गुळवेलीशी जोडला गेला.

वाद काही असो, महिनोन् महिने रोज काढा पिणं शहाणपणाचं नाही. लिव्हरचा आजार, आमवात किंवा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा कुठलाही आजार असलेल्यांनी, तसंच गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काढा सुरू असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर काढा लगेच बंद करून दवाखाना गाठावा.

मधुनाशिनी (गुडमार)
पान चावून साखर खाल्ली तर ती वाळूसारखी बेचव लागते. पानातलं जिम्नेमिक आम्ल जिभेची गोडाची चव काही वेळ अडवतं. रक्तातली साखर कमी करण्याचा गुणही यात आहे. म्हणूनच शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मनाने पाला खाल्ला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची खूण. गोळी बंद करून पाला सुरू करणं तर आणखी धोक्याचं.

खाजकुयली
शेंगेवरच्या कुसांनी अंगाची आग होते, हे गुराख्यांना सांगायला नको. पण बियांमध्ये एल-डोपा असतं. हात थरथरणाऱ्या कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनवर, डॉक्टर गोळीतून देतात ते हेच द्रव्य. बियांची पूड जास्त गेली तर मळमळ, भ्रम होऊ शकतो. कंपवाताची गोळी चालू असेल तर डोस वाढतो.

कळलावी (खड्यानाग)
लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलांची वेल. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात 'लांगली'. यात कोल्चिसीन असतं. युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात त्यावर हे औषध अगदी थोड्या मात्रेत देतात. तमिळनाडूत तर बियांसाठी शेती होते. मात्र कच्चा कंद जीवघेणा आहे. रताळं समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात, मग एकेक अवयव निकामी होऊ लागतो.

गुंज
हिचा पाला गोड, घसा बसल्यावर चघळतात, पानाच्या विड्यातही घालतात. त्याच वेलीच्या लाल-काळ्या बीमध्ये ॲब्रिन हे जहाल विष असतं. कवच टणक असल्याने अख्खी बी गिळली तर कधी तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा भोक पाडलेली बी पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. यावर उतारा नाही. लहान पोरांच्या हाती गुंजा देऊ नयेत.

लक्षात ठेवा
- वेल ओळखणाऱ्या जाणत्या वैद्याला दाखवल्याशिवाय वापरू नका.
- दवाखान्यात गेल्यावर कोणता काढा, पाला, पूड चालू आहे ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका.
- कळलावी किंवा गुंज पोटात गेल्याची शंका आली तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करा आणि वेलीचा तुकडा किंवा बी सोबत न्या.