दर्याची नोंदवही

आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसे बजावायची, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही. आता गोव्यात १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते. पावसाळ्यातला खवळलेला दर्या सगळ्यांनाच दिसतो. पण त्या लाटांखाली काय चाललेले असते, ते कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

समुद्राचे पाणी वरपासून तळापर्यंत सारखे नसते. वरचा भाग वारा सतत घुसळत असतो, म्हणून तिथले तापमान आणि खारटपणा जवळजवळ एकसारखा. शास्त्रज्ञ याला मिश्र थर म्हणतात. त्याच्याखाली पाणी झपाट्याने गार होत जाते. ताकाच्या डेऱ्यात रवी जेवढी खोल जाईल तेवढेच घुसळले जाते, तसेच हे.

१९३८च्या सुमारास अमेरिकेत ॲथेलस्टन स्पिलहॉस यांनी हा थर मोजायचे एक सुटसुटीत उपकरण बनवले. काजळी धरलेल्या काचपट्टीवर एक सुई खोलीप्रमाणे तापमानाची रेघ ओढायची. दुसऱ्या महायुद्धात त्याची खरी किंमत कळली. थराच्या तळाशी ध्वनिलहरी वाकतात आणि पाणबुडीला तिथे लपता येते!

आपल्या अरबी समुद्राचा पद्धतशीर अभ्यास झाला तो १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. दोनापावलला जाताना आपण तिच्यासमोरून कितीदा तरी जातो.

या अभ्यासातून जे चित्र उभे राहिले ते नवलाचे आहे. मार्च ते मे ऊन कडक आणि वारा मंद, त्यामुळे थर पातळ आणि तापलेला. जूनमध्ये नैऋत्य वारे सुटले की भर समुद्रात तो ५० मीटरांच्याही खाली जातो आणि ऐन उन्हाळी महिन्यांत पाणी निवते. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे वारे येतात, वरचे पाणी गार व जड होऊन बुडते, आणि उत्तर अरबी समुद्रात थर १०० मीटरांच्या आसपास पोचतो. म्हणजे वर्षातून दोनदा घुसळण. खालचे खनिज-अन्न वर येते ते त्यामुळेच.

गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र उलटा प्रकार. पावसाळ्यात खालचे गार, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे चढते आणि त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचे काही मीटरांचे झाकण बसते. या झाकणामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. तिथल्या मासळीचा जीव गुदमरतो.

गेल्या काही दशकांत अरबी समुद्र तापतो आहे. वरचे पाणी जितके तापेल तितके ते हलके, आणि खालच्या पाण्यात मिसळायला नाखूष. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेही अशाच तापलेल्या पाण्यावर पोसलेले.

२०००नंतर आर्गो नावाचे तरंगते यंत्र जगभरच्या समुद्रांत सोडले गेले. दर दहा दिवसांनी ते २००० मीटरांवरून वर येते आणि उपग्रहाला आकडे कळवते. भारतातून हे काम हैदराबादची संस्था पाहते.

मी कारकून माणूस. जुनी नोंद नसेल तर खरा दावाही कसा लटकतो, हे रोज पाहतो. आपल्या दर्याच्या या थराची नोंदवही जेमतेम साठ वर्षांची आहे, आणि नेमक्या याच साठ वर्षांत दर्या बदलू लागला. पूर्वी तो कसा होता हे सांगणारी पाने थोडीच आहेत. आहेत ती जपायला हवीत, आणि पुढची कोरी राहू देता कामा नयेत.