किलवर-चौकटची उलटी बोली

कोपरीच्या बाजूने ठाणे स्टेशनात शिरून रोज लोकल पकडणाऱ्यांना मांडीवरच्या ब्रीफकेसवर रंगणारा मेंढीकोट नवा नाही. त्यात भिडू असतो, पण त्याच्याशी बोलायची सोय नसते. खूण केली तर ती लबाडी. ब्रिजने मात्र भिडूशी बोलणे हाच खेळाचा अर्धा भाग केला. भिडूने किलवर वा चौकट बोलल्यावर त्याला दुजोरा कसा द्यायचा, याची रीत विसाव्या शतकात पार उलटली. ती का, याचे उत्तर गुणांच्या तक्त्यात आहे.

किलवर आणि चौकट हे ‘मायनर’, बदाम आणि इस्पिक ‘मेजर’. ही उतरंड जन्मजात नव्हे. लिलावाची बोली येण्याआधीच्या ब्रिजमध्ये इस्पिकच्या हाताला २ गुण होते, किलवरला ४, चौकटला ६ आणि बदामला ८. म्हणजे इस्पिक सर्वांत तळाशी! पुढे ऑक्शन ब्रिजमध्ये ते ९ वर चढले. बदाम ८, चौकट ७, किलवर ६ असा क्रम लागला. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्टने बोटीच्या प्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजची घडी बसवली. त्यात मायनरला २० आणि मेजरला ३० गुण आले. गेमला १०० लागू लागले. आकडे बदलले, तरी गेमसाठी मायनरमध्ये ११ हात, मेजरमध्ये १० आणि बिनहुकमी डावात ९ हे अंतर तसेच राहिले.

बदलली ती एक अट: जेवढे बोललात, तेवढेच हात गेमसाठी धरायचे. त्यामुळे दुजोऱ्याचा प्रत्येक शब्द मोलाचा झाला. गोरेनच्या काळात रीत सरळ होती. भिडूच्या १ चौकटवर २ चौकट म्हणजे दुबळी पाने, ३ चौकट म्हणजे भक्कम. १९५८ च्या आपल्या पुस्तकात एडगर कॅप्लन आणि आल्फ्रेड शाइनवोल्ड या अमेरिकी जोडीने नेमके उलट मांडले. पाने भक्कम असतील तर हळू बोला. ११ हात करण्यापेक्षा बिनहुकमी ९ हात सोपे, आणि ते जमतात का हे ताडायला जागा हवी. पाने दुबळी असतील, तर बदाम-इस्पिक बहुधा प्रतिस्पर्ध्यांकडे. तेव्हा ३ वर उडी मारून त्यांचीच जागा खा.

मग ही सांकेतिक बोली आणि मेंढीकोटातली खूण यांत फरक काय? ब्रिजच्या नियमांनुसार भिडूंमधल्या संकेताचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांनाही कळला पाहिजे. त्यांनी विचारले तर सांगावाच लागतो. शब्दाचा अर्थ उलटा करायला मुभा आहे, लपवायला नाही.

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज प्रथमच आले. प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी सुवर्णपदक जिंकले, तरी ‘पत्ते म्हणजे जुगार’ ही आपल्याकडची कुजबुज थांबली नाही. तिला द्यायचे उत्तर पदकापेक्षा या नियमात आहे. पाने झाकलेली असतात. भाषा उघडी असते.