दाणावैरणीचा हिशेब : बदलापूरच्या रस्त्यावर पेट्रोल आणि डिझेल

बदलापूर या नांवाविषयीं अशी एक लोकसमजूत आहे, कीं गुजरातेकडून देशावर जाणारे स्वार येथें दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत. घोडे बदलण्याचें ठिकाण तें बदलापूर. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, तिच्यांत प्रवासाचा एक जुना हिशेब आहे. घोडा किती पळवावा, त्याला विसावा केव्हां द्यावा, हें स्वाराला ठाऊक असावेंच लागे. कारण थकलेला घोडा कोणाची सबब ऐकत नाहीं. मोटार मात्र मुकाट्यानें धांवते, आणि तिच्या खादाडपणाचा बोभाटा महिनाअखेरीस होतो.

१८५६ च्या मे महिन्यांत कल्याणहून पळसदरीपर्यंत रेल्वे गेली, १८६३ सालीं ती बोरघाट चढली, आणि स्वारांचा हा टप्पा इतिहासजमा झाला. पुढें मोटार आली, तिलाही दुसऱ्या महायुद्धानें उपास घडविला. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. मोटारींच्या पाठीस भट्ट्या बांधून त्या कोळशाच्या गॅसवर चालवूं लागले. अशा गाडीला जोर कमी; म्हणून चढाआधींच वेग राखणें आणि उगाच न थांबणें चालकाला भागच पडे. त्या काळीं कल्याण कॅम्प ही लष्करी छावणी ज्या माळावर होती, तेथेंच फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें.

रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला आपल्या इंजिनाचें पेटंट १८९३ सालीं मिळालें होतें. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याच्या इंजिनानें इंधनांतील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कामीं लावून दाखविला. यांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं तिच्याच उष्णतेनें तेल पेटतें. पेट्रोलच्या इंजिनांत वेग कमी करावयाचा तर हवेचीच वाट अरुंद करावी लागते आणि त्या ओढाताणींत शक्ति वायां जाते. डिझेलमध्यें हवा मोकळी येते, केवळ तेलाचा फवारा कमी होतो. शिवाय डिझेलच्या एका लिटरांत पेट्रोलपेक्षां सुमारें एक अष्टमांश अधिक उष्णता असते. म्हणून रखडत चालणाऱ्या रहदारींत या दोहोंमधील अंतर अधिकच वाढतें.

महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला हा गुण मोटारवाल्याच्या कितीतरी आधीं कळला. विहिरीवरचें ‘ऑइल इंजिन’ हेंच त्याचें डिझेल. पुण्यास खडकी येथें किर्लोस्करांनीं १९४६ पासून त्यासाठीं स्वतंत्र कंपनीच काढली. मोटारींत मात्र डिझेल आलें तें १९८० च्या सुमारास, अॅम्बॅसडरच्या रूपानें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत कल्याणजवळ डोंबिवलीस प्रीमियर कंपनीच्या कारखान्यांत पेजो ३०९ ही फ्रेंच गाडी पेट्रोल व डिझेल अशा दोन्ही रूपांत तयार होऊं लागली. उल्हासनगरच्या इतक्या निकट झालेला हा प्रयोग कामगार-तंट्यांत फार दिवस टिकला नाहीं. १९९८ सालीं पुण्याची इंडिका आली आणि डिझेलची मोटार मध्यम वर्गाच्या दारांत उभी राहिली.

तिच्यामागें इंजिनाच्या गुणापेक्षां सरकारी दराचा जोर अधिक होता. जून २०१० मध्यें पेट्रोलचा दर मोकळा झाला, डिझेलचा बांधलेलाच राहिला. २०१२ च्या सुमारास दोहोंत लिटरमागें तीस रुपयांचें अंतर पडलें. मानूं या, पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि डिझेलची २०. पेट्रोल ७० आणि डिझेल ४० रुपये असतां हजार किलोमीटरमागें सुमारें २,६६० रुपये वांचतात. दोन्ही ८० रुपये झालें कीं बचत १,३३० वर येते. डिझेलच्या गाडीस लाख रुपये अधिक पडले असतील, तर ते पहिल्या स्थितींत साडेसदतीस हजार किलोमीटरांत वसूल होतात, दुसरींत पंचाहत्तर हजारांत. कचेरीला लोकलनेंच जाणाऱ्या आणि मोटार अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारहाटापुरती, रोज वीस किलोमीटर, काढणाऱ्या कुटुंबाला त्यासाठीं दहा वर्षें लागतील. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचाही दर मोकळा झाला. जून २०२० मध्यें तर दिल्लींत डिझेल कांहीं काळ पेट्रोलच्याही वर गेलें.

संवयींचा प्रश्न याहून नाजूक आहे. डिझेलला कमी फेऱ्यांतच ओढ असते. वरचा गिअर लवकर टाकला तर तें खुषींत चालतें. पेट्रोलच्या गाडीची गुरगुर ऐकण्याची ज्याला चटक, त्याचा लाभ येथें अर्धा होतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची खोडही अशीच. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळीं तिनें थेंबभर वांचत असेल. आजचें इंजिन गिअरमध्यें असतां पाय काढला कीं इंधन आपणच बंद करतें, आणि न्यूट्रलमध्यें उलट तें जाळीत राहतें. ब्रेकवर पडणारा ताण निराळाच.

धुराचें काय, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. मुंबईच्या डिझेल टॅक्सी गॅसवर नेण्यासाठीं उच्च न्यायालयास हात घालावा लागला; २०१२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि डिझेल मोटारींना काजळी धरणारी गाळणी बसवावी लागली. ही गाळणी आपली काजळी जाळून स्वच्छ होते, पण त्यासाठीं इंजिन बराच वेळ तापलेलें राहावें लागतें. ज्या इंजिनाचें मोठेपण रखडत्या रहदारींत होतें, त्यालाच आतां लांबचा मोकळा रस्ता हवा! उल्हासनगरच्या गल्लींतून अंबरनाथ स्टेशनापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीला तो ताप मिळत नाहीं. मग काजळीचा दिवा लागतो, आणि काटकसरीसाठीं घेतलेली ती मोटार कोठल्याही कामावांचून दूरच्या रस्त्यावर नेऊन पंधरा-वीस मिनिटें वेगानें पळवून आणावी लागते.