जुन्या संगणकांतील घटकांची तपासणी, लिनक्सद्वारे

वापरातून बाद झालेला संगणक पुन्हा कामास लावण्यापूर्वी त्यात कोणता प्रोसेसर, किती मेमरी, कोणती डिस्क व कोणती कार्डे आहेत, याची पेटी शक्यतो न उघडता लिनक्स प्रणालीच्या साहाय्याने करावयाची खातरजमा. प्रणाली पेनड्राइव्हवरून चालविता येत असल्यामुळे मूळ डिस्क नादुरुस्त असली अथवा काढून घेतलेली असली, तरी या कामात खोळंबा होत नाही.

माहितीचे उगम मुख्यतः दोन असून त्यांची ग्राह्यता सारखी नाही. पहिला उगम म्हणजे निर्मात्याने बायोसमध्ये लिहून ठेवलेली डीएमआय सारणी. ती वाचणारी ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा प्रथम अ‍ॅलन कॉक्स यांनी लिहिली व पुढे जाँ देल्वार यांनी सांभाळली. सारणीच्या सतराव्या प्रकारच्या नोंदींत मेमरीच्या प्रत्येक खाचेचा तपशील मिळतो, व दोन खाचांपैकी एक रिकामी आहे की काय, हे पेच न काढता कळते. परंतु ही सारणी म्हणजे कारखान्यातील दप्तर होय, प्रत्यक्ष पाहणी नव्हे. कित्येक मदरबोर्डांवर अनुक्रमांकाच्या जागी, तो विक्रेत्याने भरावा, एवढाच छापील मजकूर राहून गेलेला असतो, आणि सोळाव्या प्रकारातील कमाल मेमरीचा आकडा तर चिपसेटच्या माहितीशी ताडून पाहिल्याविना कधीही प्रमाण मानू नये.

दुसरा व अधिक विश्वसनीय उगम म्हणजे कर्नलने यंत्रालाच विचारून मिळविलेली उत्तरे. प्रत्येक पीसीआय उपकरणात निर्माता व उपकरण यांचे सोळा-सोळा बिटांचे क्रमांक असतात (इंटेलचा ८०८६), आणि मार्टिन मारेश यांची ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ते क्रमांक नावांच्या सूचीशी जुळवून दाखविते. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या वायफाय कार्डांना फर्मवेअर वेगळे मिळवावे लागत असल्याने तेथे नावापेक्षा हा क्रमांकच उपयोगी पडतो.

प्रोसेसर. ‘सीपीयूइन्फो’ फाइलीत ‘एलएम’ हे चिन्ह असल्यास प्रोसेसर ६४ बिटी समजावा. पेंटियम एम मालिकेतील काही प्रोसेसर पीएई ही अनेक कर्नलांना आवश्यक असलेली सुविधा अंगी असूनही ती जाहीर करीत नाहीत, त्यामुळे चालण्याजोगी यंत्रे निकामी ठरविली गेली. कर्नलला ‘फोर्सपीएई’ हा पर्याय देऊन ती सुरू करता येतात. बे ट्रेल पिढीतील काही यंत्रांत उलट प्रकार आढळतो, म्हणजे प्रोसेसर ६४ बिटी व बायोसच्या जागी आलेले यूईएफआय मात्र ३२ बिटी. निव्वळ ३२ बिटी यंत्रांवर श्रम खर्चावेत किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत; डेबियन या लिनक्स वितरणाने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबविले आहे.

डिस्क. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेच्या अहवालात पाचवा गुण बदली दिलेल्या क्षेत्रांची संख्या, नववा चालू तासांची व १९७ वा संशयित क्षेत्रांची संख्या देतो. हा शेवटचा आकडा शून्याहून अधिक असून वाढत असेल, तर ती डिस्क दुसऱ्याच्या हाती देणे योग्य नव्हे.

बॅटरी. मूळ व सध्याची धारणक्षमता ताडून पाहावी.

ध्वनी, कॅमेरा. प्रत्यक्ष चालवून पाहावे.

‘एलएसएचडब्ल्यू’ व ‘इन्क्सी’ या आज्ञा वरील उगम एकत्र वाचून तक्ता देतात. मात्र रूटच्या अधिकाराविना चालविल्यास अनुक्रमांक व मेमरीच्या खाचांचा तपशील त्यात सहसा उतरत नाही.