बेसन-भाकरी : साध्या पदार्थाची अवघड परीक्षा

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात, जाम येथे, नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. अशा हमरस्त्यांवरील उपाहारगृहांच्या फलकांवर पनीर आणि तंदुरीच्या पंगतीत आता ‘झुणका-भाकर’ही मानाने बसली आहे. मात्र ताटात अनेकदा येते ते तेलात पोहणारे, गुठळ्यांचे बेसन आणि वातड भाकरी. ज्या पदार्थासाठी चार-पाच जिन्नस पुरतात, तोच का बिघडावा, हा ग्राहकाचा प्रश्न रास्त आहे.

विदर्भात पिठल्याला सर्रास ‘बेसन’ म्हणतात. पातळ ते पिठले, कोरडा तो झुणका. एक वाटी पिठाला साधारण अडीच ते तीन वाट्या पाणी, कांदा, लसूण, मिरची आणि फोडणी एवढाच त्याचा संसार. पीठ गार पाण्यात आधी कालवले नाही, तर गुठळ्या होतात. मंद आचेवर झाकण ठेवून वाफ दिली नाही, तर कच्चट वास राहतो. तयार पिठले निवत जाते तसे घट्ट होते. ते सकाळी करून ठेवायचे आणि गिऱ्हाईक आले की तेल-पाणी घालून सैल करायचे, या सोयीतच त्याची चव जाते.

भाकरीचे गणित याहून कठीण. गव्हातील चिवटपणा ज्वारीत नसतो. गरम पाण्यामुळे पिठातील स्टार्च काही अंशी शिजतो आणि तोच भाकरीला बांधून ठेवतो. जुने पीठ कडवट होते व भाकरी थापताना चिरते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवावे लागते आणि ते सुकण्यापूर्वी भाकरी उलटावी लागते. अखेर विस्तवावर ती फुगली, म्हणजे आत वाफ कोंडली गेली. मात्र गार झालेल्या भाकरीतील स्टार्च पुन्हा कडक होत जातो. म्हणून थप्पी लावून ठेवलेली भाकरी कितीही कुशल हाताची असली, तरी वातडच लागते.

मसालेदार रश्श्यात एखादी चूक झाकली जाते. बेसन-भाकरीत लपायला जागा नाही. शहरांतील बर्गरचेही तसेच. मांसाची टिकली तव्यावर दाबली, की रस निघून जातो आणि मग चीज-सॉसचे थर चढवावे लागतात. पिठल्यावरचा लोण्याचा गोळाही पुष्कळदा हेच काम करतो.

१९९५ मध्ये राज्यात सत्तेवर आलेल्या युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली, ती हे कष्टकऱ्यांचे अन्न म्हणूनच. दरम्यान विदर्भाच्या शिवारात सोयाबीनचा पेरा वाढला आणि ज्वारी मागे सरली. घरच्या ज्वारीची भाकरी दुर्मिळ होत असताना अनेक शहरी मुलांना तिची पहिली ओळख उपाहारगृहातच होते. तीच वातड निघाली, तर भाकरी अशीच असते, असा त्यांचा समज होणार. त्यासाठी लोण्याची गरज नाही; ताजे पीठ, तापलेला तवा आणि दहा मिनिटे थांबण्याची ग्राहकाची तयारी पुरेशी आहे.